निराधारचा पगार हाती पडेपर्यंत

ज्यांना हे पैसे मिळायला हवेत, त्यांच्यातले फार थोडे जण हा लेख वाचतील. म्हणून तो तुमच्यासाठी लिहितो आहे. तुम्ही शिक्षक असाल, आशाताई असाल, बचत गटाच्या सचिव असाल, किंवा शेजारच्या एकट्या आजींचं रेशन आणून देणारी कॉलेजातली मुलगी असाल. गावात ज्याला ‘निराधारचा पगार’ म्हणतात, तो सुरू करून देणं तुमच्या हातात आहे. आणि अनेकदा ते फक्त तुमच्याच हातात असतं.

गेली काही वर्षं लोकांबरोबर तहसील कचेरीत आणि बँकेत जाऊन माझं एक मत झालं आहे. निराधारांसाठीच्या या सरकारी योजना वाईट नाहीत. पैसे एकदा सुरू झाले की ते खरोखर उपयोगी पडतात: रक्तदाबाच्या गोळ्या चुकत नाहीत, नातवाच्या हातावर दहा रुपये ठेवता येतात, सुनेच्या तोंडाकडे बघावं लागत नाही. पण योजनेच्या दारातून आत जायला जे लागतं, ते निराधार माणसाकडे नसतं. चार दाखले, तीन हेलपाटे, वाचता येणारं कुणीतरी, मजुरी बुडवायची ऐपत आणि अंगठ्यावरच्या शाबूत रेषा. जो सर्वांत जास्त खचलेला, त्याचाच अर्ज सर्वांत आधी अडतो. म्हणून पुढे सांगितलेली प्रत्येक गोष्ट त्या माणसाबरोबर बसून, कागद समोर ठेवून करायची आहे. नुसतं ‘तहसीलला जाऊन या’ असं सांगून काम होत नाही.

कोण कशात बसतं

महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासून आहे. ती ६५ वर्षांच्या आतल्यांसाठी. विधवा, परित्यक्ता, घटस्फोटित, पस्तिशी ओलांडलेल्या अविवाहित निराधार स्त्रिया, दिव्यांग, अनाथ मुलं, क्षयरोग, कर्करोग, कुष्ठरोग, एचआयव्ही अशा आजारांनी कमाई थांबलेले, देवदासी, तृतीयपंथी, तुरुंगात असलेल्या कैद्याची पत्नी, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरातली माणसं, हे सगळे तिच्यात येतात. ६५ पूर्ण झालेल्यांसाठी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. दोन्हींसाठी महाराष्ट्रात किमान १५ वर्षांचं वास्तव्य लागतं.

यांच्या जोडीला केंद्राची योजना आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला राष्ट्रीय सामाजिक सहाय्य कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा वृद्धांना महिना ७५ रुपये होते. आज ६० ते ७९ वयाच्या दारिद्र्यरेषेखालील वृद्धासाठी केंद्र २०० रुपये देतं, ऐंशी ओलांडल्यावर ५००. विधवा आणि ८० टक्क्यांवरच्या दिव्यांगांसाठी ३००. दोनशेचा आकडा २००७ पासून जागचा हललेला नाही. तेव्हाची तूरडाळ आणि आजची तूरडाळ यांचा भाव आठवला, तर केंद्राने आपला वाटा गुपचूप किती आक्रसून घेतला ते कळतं. उरलेला भार राज्य उचलतं. २०२३ पासून दोन्ही मिळून लाभार्थ्याच्या हाती महिना १,५०० रुपये पडतात. दिव्यांगांसाठी राज्याने २०२५ मध्ये ही रक्कम २,५०० केली. केंद्राची योजना घ्यावी की राज्याची, याचा विचार अर्जदाराने करायची गरज नसते, कोणत्या गटात घ्यायचं ते तहसील ठरवते. दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असेल, तर त्या यादीचा उतारा मात्र अर्जाला न विसरता जोडा.

गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे आणि तिथे ज्येष्ठांसाठी वयाची अट ६० आहे. उन्हात राबलेलं शरीर साठीलाच थकतं. हे लक्षात घेऊन केलेला नियम म्हणून तो मला अधिक माणुसकीचा वाटतो.

एकवीस हजारांची भिंत

आता सर्वांत अवघड भागाकडे येऊ. संजय गांधी आणि श्रावणबाळ योजनांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत हवं. दिव्यांगांसाठी मर्यादा ५०,००० आहे. २१,००० म्हणजे दिवसाला ५८ रुपयेसुद्धा नाहीत. २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३१२ रुपये होती. घरातलं एक माणूस वर्षात ६८ दिवस त्या कामावर गेलं की ही मर्यादा ओलांडली.

याच्या शेजारी २०२४ मध्ये सुरू झालेली मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना ठेवून पाहा. तिथेही १,५०० रुपयेच, पण उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. बाईच्या स्वतःच्या खात्यात पैसे येणं ही चांगलीच गोष्ट आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ती योजना वयाच्या ६५ पर्यंतच आहे. वर्षाला साठ हजारांत संसार ओढणाऱ्या बाईला ६४ व्या वर्षी महिना १,५०० मिळतात, आणि गुडघे धरल्यावर, कामाला कुणी बोलवेनासं झाल्यावर ६५ पूर्ण होताच ते थांबतात. श्रावणबाळसाठी तिचं उत्पन्न जास्त भरतं. म्हातारपण सुरू होतं तिथेच आधार सुटतो. हा नियम बदलायलाच हवा. तो बदलेपर्यंत काय करता येईल, ते सांगतो.

पहिलं काम म्हणजे ‘कुटुंब’ नेमकं कोणाचं ते कागदावर स्पष्ट करणं. म्हातारा-म्हातारी वेगळी चूल मांडून राहत असतील, पण रेशनकार्ड मुलाच्या नावावर एकत्रच असेल, तर मुलाची कमाई त्यांच्या उत्पन्नात धरली जाते. खरोखर वेगळे राहत असतील, तर आधी विभक्त शिधापत्रिका करून घ्या. तिला वेळ लागतो, म्हणून दाखल्यांच्या मागे लागण्यापूर्वी हे उरकायचं. त्याच कार्डावर त्यांना धान्यही मिळतं, ते वेगळं.

दुसरं काम उत्पन्नाच्या दाखल्याचं. तलाठी चौकशीला येतो (आता त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी आहे, पण लोक तलाठीच म्हणतात), तेव्हा घरातलं कुणी घाबरून किंवा मानापोटी ‘चाललंय बरं’ म्हणतं आणि दाखल्यावर ४०,००० लागतात. मग अर्ज परत. म्हणून आधीच एका कागदावर खरी परिस्थिती लिहून ठेवा: वर्षात किती दिवस मजुरी मिळाली, किती पैशांची, जमीन आहे का, कोरडवाहू किती, ती कसतं कोण, औषधांना काय लागतं. तो कागद स्वयंघोषणापत्राबरोबर द्या. आकडा खरा लिहा. खोट्या दाखल्यावर मिळालेला पगार पुढच्या पडताळणीत बंद होतो, वसुली निघते, आणि ती भरायची ताकद त्या घरात नसते. पण खरा आकडा बसत असेल आणि तरी तो फुगवून लिहिला गेला असेल, तर त्याच आठवड्यात तहसीलदारांकडे लेखी हरकत द्या.

वय, वैधव्य, दिव्यांगत्व

आधार कार्डावर असंख्य वृद्धांची जन्मतारीख १ जानेवारी असते. नोंदणीच्या वेळी कागद नव्हता, ऑपरेटरने अंदाजे वय विचारलं आणि साल टाकलं. त्या अंदाजात पाच-सात वर्षं इकडची तिकडे झालेली मी पाहिली आहेत. सत्तरीचा माणूस कागदावर ६२ चा असतो. आधार हा जन्मतारखेचा पक्का पुरावा मानला जात नाही. त्यामुळे आधी शाळेचा दाखला शोधा. शाळा दुसरी-तिसरीत सुटली असली, तरी जुन्या जनरल रजिस्टरमध्ये नाव सापडतं. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज करा, आणि नाव एक-दोन प्रकारे लिहिलेलं असू शकतं हे त्यांना सांगा. ते नसेल तर ग्रामपंचायतीची किंवा तहसीलची जुनी जन्मनोंद, जुनी मतदार यादी पाहा. काहीच हाती लागलं नाही, तर सरकारी वैद्यकीय अधिकाऱ्याच्या वयाच्या दाखल्याचा मार्ग उरतो. आधारवरची जन्मतारीख दुरुस्त करायची संधी साधारण एकदाच मिळते. पुरावा पक्का झाल्याशिवाय ती वापरू नका.

विधवेसाठी पतीचा मृत्यू दाखला लागतो. मृत्यूची नोंदच झाली नसेल, तर ते काम सर्वांत आधी. आणि नवरा घरचा कमावता असेल, १८ ते ५९ वयात गेला असेल, घर दारिद्र्यरेषेखाली असेल, तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये मिळतात. ही योजना फार थोड्यांना माहीत आहे. अर्ज तहसीलच्या त्याच संजय गांधी शाखेत करायचा. दिवसकार्य आटोपल्यावर लगेच तो भरून घ्या, उशीर झाला की प्रकरण अडतं.

सर्वांत जास्त हाल परित्यक्तेचे होतात. विधवेकडे मृत्यूचा दाखला असतो, घटस्फोटितेकडे कोर्टाचा निकाल. नवऱ्याने नुसतं माहेरी आणून सोडलं, तर त्याचा दाखला कुठून आणायचा? अशा वेळी ग्रामसेवक आणि तलाठी यांचा स्थानिक चौकशीवरचा दाखला, शेजाऱ्यांचे जबाब, पोलिसांत किंवा कोर्टात पूर्वी काही अर्ज केला असेल तर त्याची प्रत आणि माहेरच्या कार्डावर तिचं नाव कधीपासून आहे ती नोंद, हे सगळं एकत्र करा. चौकशीत तिला दहा माणसांसमोर नको ते प्रश्न विचारले जातात. तुम्ही बाई असाल तर तिच्याबरोबर बसाच.

दिव्यांगांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. जुनी हस्तलिखित प्रमाणपत्रं आता बहुतेक ठिकाणी चालत नाहीत, स्वावलंबन पोर्टलवरून मिळणारं वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्ड, मागतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. त्यात सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन आणि मानसिक आजारही आहेत. विदर्भातल्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची अनेक कुटुंबं आहेत, आणि आपलं मूल या यादीत बसतं हेच आईबापांना कुणी सांगितलेलं नसतं.

अर्ज दिला, पुढे काय

अर्ज सेतू केंद्रातून, आपले सरकार पोर्टलवरून किंवा थेट तहसीलच्या संजय गांधी शाखेत देता येतो. कुठेही द्या, पण पोच घेतल्याशिवाय हलू नका. पोच म्हणजे शिक्का, तारीख आणि नोंदणी क्रमांक. ‘ठेवून जा, बघतो’ याला पोच म्हणत नाहीत. जोडलेल्या प्रत्येक कागदाची यादी अर्जावरच लिहा आणि सगळ्याचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. सहा महिन्यांनी ‘तुमचा उत्पन्नाचा दाखलाच नाही’ असं ऐकावं लागलं, तर तो फोटोच कामी येतो.

मंजुरी तालुका समितीच्या बैठकीत होते. समितीचा अध्यक्ष अशासकीय, म्हणजे बहुधा राजकीय नेमणुकीचा असतो. सरकार बदललं, निवडणूक आली की समित्या बरखास्त होतात आणि नव्या नेमायला महिने जातात. त्या काळात शाखेत ‘कमिटी नाही’ एवढंच उत्तर मिळतं. समिती नसली तरी प्रकरणं निकाली काढण्याची जबाबदारी तहसीलदारांवर असते. तेव्हा ‘समिती नसताना माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली’ असं लेखी विचारा. अध्यक्षांच्या घरी जाऊन हात जोडण्याची अपेक्षा ठेवली जाते, अनेकजण जातातही. कुणाला दोष देत नाही, पण हक्काच्या पैशासाठी कुणाच्या ओसरीवर बसावं लागणं ही या योजनेतली मोठी उणीव आहे.

अर्ज नामंजूर झाला, तर कारणासह लेखी आदेश मागा. तोंडी नकारावर पुढे काहीच करता येत नाही. आदेश हाती आला की त्रुटी दिसते, ती भरून काढता येते, प्रांत किंवा जिल्हाधिकारी कार्यालयात दाद मागता येते. उत्तरच येत नसेल, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा: अमुक क्रमांकाचा अर्ज कुठे आहे, कोणत्या बैठकीपुढे ठेवला, काय निर्णय झाला. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला तेही नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज पडला की अडकलेली फाइल पुष्कळदा आपोआप वर येते. उत्पन्न, वय, अधिवास हे दाखले २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली येतात. त्यांची मुदत आणि शुल्क कार्यालयातल्या फलकावर लिहिलेलं असतं. त्या फलकाचाही फोटो काढा.

एजंटांविषयी थोडं. दोन-तीन हजार घेऊन ‘काम करून देतो’ म्हणणारा माणूस प्रत्येक तहसीलच्या बाहेर भेटतो. म्हाताऱ्या माणसाला तो सोयीचा वाटतो, कारण त्याच्याशी चार शब्द नीट बोलणारा तिथे तोच एक असतो. त्याची गरज उरू नये, तर ती जागा तुम्ही घ्यायला हवी.

मंजूर होऊनही पैसे का येत नाहीत

माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सर्वांत मोठा वाटा याच गोष्टीचा असतो. २०२४ च्या अखेरीपासून राज्याने हे अनुदान थेट हस्तांतरणाने, म्हणजे आधार क्रमांकाच्या आधारे बँक खात्यात टाकायला सुरुवात केली. मधले हात कमी झाले, हे चांगलं झालं. पण त्याच वेळी हजारो घरांत ‘पगार बंद झाला’ अशी ओरड सुरू झाली, आणि बहुतेकांना कारण कळलं नाही.

कारण असं असतं. खात्याच्या केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, आधार दिलेलं असणं ही एक गोष्ट, आणि सरकारी पैसे स्वीकारण्यासाठी ते खातं आधारशी जोडलेलं असणं ही दुसरी. बँकेतला कर्मचारी ‘आधार लिंक आहे’ म्हणतो ते पहिल्या अर्थाने. पैसे यायला दुसरी जोडणी लागते, तिला बँकेत सीडिंग म्हणतात. एका माणसाची ही जोडणी एका वेळी एकाच खात्याला असते. नंतर कुठेतरी दुसरं खातं उघडताना संमती दिली गेली, तर जोडणी तिकडे सरकते. गावात कंपनीचा माणूस येऊन मोबाइलवर खाती उघडून देतो, आजी अंगठा देतात, आणि पुढच्या महिन्यापासून पगार अशा खात्यात जातो की ज्याचं पासबुकही त्यांच्याकडे नाही. पैसे बुडालेले नसतात, भलत्या खात्यात पडून असतात.

म्हणून पगार थांबला की सर्वांत आधी जोडणी कोणत्या बँकेशी आहे ते तपासा. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर ‘बँक सीडिंग’ची स्थिती दिसते, त्यासाठी आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक लागतो. तो क्रमांक मुंबईला गेलेल्या मुलाचा किंवा बंद पडलेला असेल, तर आधार केंद्रात जाऊन आधी तो बदला. १९४७ या आधारच्या मदत क्रमांकावर जवळचं केंद्र कळतं. मग हव्या त्या बँकेत सीडिंगचं संमतीपत्र लेखी भरा आणि पोच घ्या. जवळचं, चालत जाता येईल असं एकच खातं ठेवा. त्याला किमान शिल्लक लागणार नाही असं बेसिक बचत खातं मागा. साधं खातं असेल, तर ते बदलून द्यायचा अर्ज द्या. शिल्लक कमी म्हणून दंड कापला जात असेल, तर पंधराशेतून निराधार माणसाने बँकेला का द्यावं?

त्यानंतर अंगठ्याचा प्रश्न. आयुष्यभर माती, चुना, विड्या आणि भांडी यांत घासलेल्या बोटांवर रेषा उरत नाहीत. बँक मित्राच्या, म्हणजे गावातल्या बँकेच्या प्रतिनिधीच्या, यंत्रावर तीनदा बोट ठेवूनही ‘जुळत नाही’ येतं. दुसरी बोटं लावून पाहा, हात कोमट पाण्याने धुऊन पुसा, थोडं खोबरेल लावून बघा. तरीही जमलं नाही, तर डोळ्यांच्या बुबुळावरून किंवा चेहऱ्यावरून ओळख पटवायची सोय कुठे आहे ते विचारा. आणि शाखेत पासबुक, ओळखपत्र आणि पैसे काढायची स्लिप देऊन पैसे मिळायलाच हवेत, अंगठा जुळत नाही म्हणून शाखेने परत पाठवणं चुकीचं आहे. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना सांगितलं आहे की सत्तरीपुढचे आणि दिव्यांग किंवा अंथरुणाला खिळलेले खातेदार यांना घरपोच सेवा द्यावी. शाखा व्यवस्थापकाला या सूचनेचा उल्लेख करून लेखी मागणी करा. पोस्टमनकडच्या यंत्रावरूनही आधारच्या आधारे घरी पैसे काढता येतात, आणि दुर्गम पाड्यांवर तोच मार्ग जास्त भरवशाचा ठरतो.

बँक मित्राने किती पैसे दिले आणि पावतीवर किती आहेत, हे निरक्षर माणसाला कळत नाही. पंधराशेतले शंभर ‘चार्ज’ म्हणून कापणारे आहेत. महिन्या-दोन महिन्यांनी पासबुक भरून आणा आणि त्यांना मोठ्याने वाचून दाखवा: कधी जमा, किती जमा, किती काढले. घरातलाच कुणी परस्पर काढून घेत असेल तर तेही तिथे दिसतं. हे काम कुणीही करू शकतं, आठवीतली मुलगीसुद्धा.

पगार चालू राहावा म्हणून

वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. तारीख हुकली की पगार थांबतो आणि पुन्हा सुरू करताना मधले महिने लटकतात. गावातल्या सगळ्या लाभार्थ्यांची यादी करून एकाच दिवशी, एकाच गाडीने हे काम उरकणारे बचत गट मला माहीत आहेत. ती रीत प्रत्येक गावाने उचलावी अशी आहे. जिवंत माणूस यादीत मयत दाखवला गेल्याचंही घडतं. तेव्हा त्या व्यक्तीला घेऊन तहसीलदारांसमोर जा आणि थकबाकीसह पगार सुरू करण्याचा अर्ज द्या. ‘थकबाकीसह’ हा शब्द अर्जात हवाच.

संजय गांधी योजनेतल्या माणसाने ६५ पूर्ण केलं की त्याचं नाव श्रावणबाळमध्ये जायला हवं. या बदलाच्या वेळी नावं गळतात. सहा महिने आधीच शाखेत जाऊन विचारा. लाडकी बहीणचे पैसे घेणारी बाई चौसष्टची झाली असेल आणि उत्पन्न मर्यादेत बसत असेल, तर तिचेही श्रावणबाळचे कागद आताच जमवायला घ्या.

तरुणांनी आतापासून काय करावं

सरकार ज्या दुसऱ्या पेन्शनची जाहिरात करतं, ती स्वतः पैसे भरून मिळवायची असते. अटल पेन्शन योजना २०१५ ची. वय १८ ते ४०, साठीनंतर दरमहा १,००० ते ५,००० हमी. अठराव्या वर्षी सुरू केलं तर हजाराच्या पेन्शनसाठी महिना ४२ रुपये, पाच हजारांसाठी २१०. चाळिसाव्या वर्षी तेच २९१ आणि १,४५४. माणूस गेल्यावर जोडीदाराला तेवढंच पेन्शन आणि दोघांनंतर वारसाला जमा रक्कम मिळते. आयकर भरणाऱ्यांना २०२२ च्या ऑक्टोबरपासून यात येता येत नाही. दुसरी, २०१९ ची प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन: महिना १५,००० पर्यंत कमावणाऱ्या असंघटित कामगारांसाठी, वयानुसार ५५ ते २०० रुपये भरायचे, तेवढेच केंद्र भरतं, साठीनंतर ३,०००. तिच्यात नंतर जोडीदाराला निम्मं मिळतं, मुलांना काही नाही.

नियमित, थोडी का होईना कमाई असेल, तर यातलं एक घ्यावं असंच मी सांगेन. घरकाम करणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या, दुकानात नोकरी करणाऱ्या विशीतल्या मुलांनी तर घ्यावंच. पण दोन गोष्टी समजून. एक, आकडा महागाईबरोबर वाढत नाही. वर्षाला ६ टक्के महागाई धरली, तर वीस वर्षांनी मिळणारे ३,००० आजच्या साधारण ९३५ रुपयांइतके. दुसरं, खात्यात शिल्लक नसली की हप्ता चुकतो, दंड लागतो. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याच्या हातात वर्षातून एकदा उचल येते, दर महिन्याला नाही. अटल पेन्शनमध्ये तिमाही किंवा सहामाही हप्ता निवडता येतो, त्यांनी तोच निवडावा. तरीही खऱ्या गरिबाला या योजना म्हातारपणी तारतील असं मला वाटत नाही. अटल पेन्शनमध्ये बहुतेकांनी हजाराचाच पर्याय घेतला आहे, कारण त्याहून जास्त भरणं त्यांना झेपत नाही.

आणि आयुष्यभर हप्ता भरूनही काय मिळतं, ते विडी कामगारांना विचारा. भविष्य निर्वाह निधीच्या १९९५ च्या पेन्शन योजनेत किमान पेन्शन २०१४ पासून १,००० रुपये आहे. पगारातून वर्गणी कापून घेतलेल्या सोलापूरच्या, सिन्नरच्या बायकांना निराधार योजनेपेक्षाही कमी पैसे येतात.

मुलं असून निराधार

‘तुम्हाला मुलगा आहे ना?’ हा प्रश्न तहसीलमध्ये फार वेळा ऐकू येतो. मुलगा आहे, पण बघत नाही, अशा आईबापांसाठी २००७ चा कायदा आहे. उपविभागीय अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे साध्या कागदावर अर्ज करता येतो, वकील लागत नाही, महिना १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्त्याचा आदेश होऊ शकतो. म्हातारी माणसं मुलाविरुद्ध अर्ज करायला धजावत नाहीत. त्यांच्यावर जबरदस्ती करू नका. अनेकदा न्यायाधिकरणाची नोटीस येण्यापूर्वी, कायदा असा आहे हे चार माणसांत मुलाच्या कानावर घातलं तरी महिन्याचे काही पैसे सुरू होतात. मारहाण, हाकलून देणं असं काही असेल, तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा निःशुल्क क्रमांक त्यांच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा.

एकेकट्याने किती करणार

घटनेच्या ४१ व्या कलमात वार्धक्य, आजार, अपंगत्व यांत सरकारी साहाय्याचा हक्क मिळवून देण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे. हमालांचे नेते बाबा आढाव आणि सामाजिक कार्यकर्त्या अरुणा रॉय यांनी २०१२ पासून पेन्शन परिषदेच्या माध्यमातून साधी मागणी मांडली: आयकर भरणारे वगळून प्रत्येक वृद्ध कष्टकऱ्याला किमान वेतनाच्या निम्मं पेन्शन, आणि ते महागाईबरोबर वाढावं. गरीब कोण हे शोधण्यात जेवढी दगदग होते, तेवढ्यातच गरीब गळून जातात. म्हणून सगळ्यांना द्या, हा त्यामागचा विचार आहे आणि तो मला पटतो.

तोवर गावात एक गोष्ट ताबडतोब करता येते. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी बहुतेक गावांत ग्रामसभा होते. तिच्या आठवडाभर आधी ग्रामसेवकांना लेखी द्या की विषयपत्रिकेत ‘निराधार व श्रावणबाळ लाभार्थी यादीचे वाचन’ हा विषय घ्यावा. तहसीलमधून गावाची यादी आणायला सांगा. सभेत ती नाव घेऊन वाचली गेली की कोण वारलं, कोण जिवंत असून यादीत नाही, कुणाचा पगार कधीपासून थांबला, हे लोकच सांगतात. ज्यांची नावं नाहीत ती वेगळ्या कागदावर लिहा, ठरावाला जोडा, आणि प्रत्येक नावापुढे हे काम गावातलं कोण करणार त्याचं नाव लिहून घ्या.